ताडावरच्या गाठी

"राग मानू नकोस हां, ललित," म्हणत सूर्यकांत सरांनी राउटर कॅरीबॅगेत घालून त्याच्या हातात दिला. "नवी कंपनी तीन महिने फुकट देतेय. वर टीव्हीपण."

"कसला राग, सर," ललित म्हणाला. राग आलाच होता. सरांच्या बिल्डिंगमधलं ते त्याचं शेवटचं गिऱ्हाईक होतं.

तलासरीत घरोघर इंटरनेट पोचवलं ते ललितनं. बिल्डिंगमध्ये एक वायर चढवली की मजल्यामजल्यावर गिऱ्हाईक. झरी गावाच्या आतल्या पाड्याला मात्र शेतांमधून लांबच लांब वायर ओढायची आणि पलीकडे घरं मोजून चार. खांब परवडेनात म्हणून ती ताडांना बांधलेली. वारा सुटला, माकडं लोंबकळली की दुरुस्तीला पळा. तरी दर सगळ्यांना एकच. "पाड्यावाल्यांकडून जास्त घ्या," असं त्याची बायको रश्मी कितीदा म्हणाली. "वायरीतून येतं ते तेच ना? मग भाव वेगळा कसा लावू?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. असल्या माणसानं धंदा करू नये. तलासरीच्या जिवावर पाडा चालत होता. नव्या कंपनीनं तलासरीतल्या बिल्डिंगी तेवढ्या उचलल्या, पाड्याकडे ती फिरकलीही नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

दुसऱ्या दिवशी तो टेम्पोत शिडी टाकून पाड्यावर गेला. तलासरीतली उरलीसुरली लाइन चालवायची तर नव्या वायरीला पैसे नव्हते, हीच काढून आणणं भाग होतं.

शुक्रा अंगणातच भेटला. ताडी काढणारा माणूस. वायर ताडांना त्यानंच बांधली होती. त्याची मुलगी योगिता याच वायरीवर घरबसल्या वापीच्या एका कारखान्याची बिलं करायची. पाडा खोलगटात, मोबाइलला रेंज नाही. आता तिला वापीलाच खोली घेऊन राहावं लागणार होतं. ओटीवर तिची बॅग भरून तयार होती.

"काका, मी..." ललित टेम्पोतली शिडी ओढत म्हणाला. त्याला शरम वाटत होती.

"फोनवर सांगितलास ना. शिडी ऱ्हाऊ दे. तू ताडावर चढलास तर तुला उतरवायला दुसरा माणूस बघायला लागंल."

शुक्रा सरसर चढला. एकेका ताडावरची वायर सोडून हलक्या हातानं खाली देत गेला. खाली योगिता ती गुंडाळत होती.

"जपून गं," तो वरून ओरडला. "मोडली तर त्याला कामाची नाय."

शेवटच्या ताडावरून तो उतरला, तेव्हा ललितनं वर पाहिलं. "काका, दोऱ्या वरच राहिल्या."

"ऱ्हाऊ दे. परत बांधायची झाली तर गाठी तयार असल्या म्हंजे बरं."

शुक्रानं वायरीचं वेटोळं टेम्पोत ठेवलं आणि त्याच्याशेजारी योगिताची बॅग.

"हायवेपर्यंत हिला सोड. वापीची गाडी तिथंच मिळंल."

टेम्पो निघाला. योगिता खिडकीतून एकेका ताडावरची रिकामी गाठ बघत होती. आरशात शुक्रा अजून रस्त्यातच उभा दिसत होता. ललितनं आरसा तो दिसणार नाही इतका वर फिरवला.