दाराशी ठेवलेले नऊ नंबरचे बूट

मी नऊ नंबरचा बूट. बोलतोय तो उजवा. डावा माझ्याबरोबरच असतो, पण तो पहिल्यापासून अबोल. जोडीत एक असा असावाच लागतो.

आमचा जन्म कारखान्यातला. पट्ट्यावरून सरकत आलो, खोक्यात झोपलो, दुकानाच्या काचेआड महिनाभर बसलो. मग रंगाच्या कारखान्यातल्या एका फोरमनने आम्हाला घेतलं. सहा वर्षं त्याच्या पायांत होतो. माझ्या नाकावर हिरव्या रंगाचा ठिपका आहे तो तेव्हाचा. फोरमन निवृत्त झाला, त्याला चपला आवडू लागल्या आणि त्याच्या बायकोने आम्हाला जुन्या बाजारात देऊन टाकलं.

तिथे आई आली. तिचं नाव मला कधी कळलं नाही. मी तिला आई म्हणतो, कारण घरात दिवसभर तीच हाक ऐकू यायची. ती रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती. तिच्या हातांना साबणाचा आणि गरम चादरींचा वास यायचा.

"साहेबांचा नंबर किती?" दुकानदाराने विचारलं.

"मोठे द्या," ती म्हणाली. "दिसायला मोठे."

दुकानदाराने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता आम्हाला पुढे केलं. त्या दिवसापासून मी फारसा चाललो नाही. नुसता उभा राहिलो.

तिसऱ्या मजल्यावर, खोलीच्या दाराबाहेर, पायपुसण्याच्या डाव्या अंगाला माझी जागा होती. आत ती दोघंच: आई आणि तिची आठ वर्षांची मुलगी. मुलगी सतत काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असायची म्हणून तिला मुंगी म्हणायचे. नवरा पाच वर्षांपूर्वी सोडून गेला होता, घटस्फोटाचे कागदही झाले होते. ही इमारत सरकारी खात्याची. एकट्या पालकाला भाड्यात सवलत. मात्र पालक कमावता असेल तर सवलत निम्मी.

आईला माझी गरज का पडली, ते मला समोरच्या मावशींच्या गप्पांतून हळूहळू उमगलं. जिन्याखाली मोबाइल दुरुस्तीचं खोपटं टाकून बसलेला एक माणूस होता. आई राहायला आली त्या पहिल्याच आठवड्यात तो तीनदा माचीस मागायला वर आला. तीन मजले चढून, माचीस! मी दाराशी उभा राहिलो आणि त्याच्याकडे आपोआप विस्तव पेटायला लागला. आईला तो "वहिनी" म्हणू लागला. जिन्यात ती दिसली की खुर्ची मागे ओढून वाट द्यायचा.

नुसता उभा असलेला बूट चार दिवसांत ओळखू येतो, हे आईला माहीत होतं. म्हणून ती रोज मला थोडं हलवायची. सकाळी नाक बाहेर, संध्याकाळी नाक आत. कधी नाडी सैल, कधी गाठ तशीच. पाऊस पडला की आमच्यावर तांब्याने पाणी शिंपडायची. महिन्यातून एकदा दोन-दोन मोजे चढवून स्वतः आम्हाला घालायची आणि पहाटे मागच्या अंगणात चिखलातून चार फेऱ्या मारून यायची. तिचे पाय आत डुगडुगायचे. मुंगी खिडकीतून बघून हसायची, "आई, तू बदकासारखी चालतेस!"

"हळू बोल," आई म्हणायची. "बदकाला घर सांभाळायचंय."

मुंगी शाळेतून सव्वाचारला यायची आणि आई सातला. मधल्या वेळासाठी आईने तिला एक वाक्य पाठ करून दिलं होतं. कोणीही आलं तरी दाराची साखळी काढायची नाही आणि म्हणायचं, "बाबा आंघोळ करताहेत."

"आंघोळच का?" मुंगीने विचारलं होतं.

"झोपलेत म्हटलं तर लोक उठव म्हणतात. बाहेर गेलेत म्हटलं तर थांबतो म्हणतात. आंघोळीतल्या माणसाला कोणी बोलावत नाही."

दोन वर्षं हे वाक्य चाललं. वर्गणीवाले परत गेले, गाद्या विकणारा परत गेला. मीही छाती काढून उभा राहायचो. खरं सांगतो, रिकाम्या बुटालासुद्धा आपण कोणीतरी आहोत असं वाटायला लागतं.

मग एका दुपारी साडेचारला खात्याचे चौकशीसाहेब आले.

ते वाईट माणूस नव्हते. मी माणूस त्याच्या बुटांवरून ओळखतो, आणि त्यांच्या बुटांची टाच एका बाजूने पार झिजली होती, शिवण उसवली होती. दिवसभर जिने चढणाऱ्याचे बूट. त्यांनी बेल वाजवली. दार चार बोटं उघडलं.

"आई कामावर गेलीय," मुंगी म्हणाली. आणि मग, शिकवल्याप्रमाणे, "बाबा आंघोळ करताहेत."

साहेबांचं पेन थांबलं. "बाबा?"

"हो."

"बरं. मी थांबतो."

ते खरंच जिन्यावर बसले. वीस मिनिटांनी त्यांनी पुन्हा बेल वाजवली.

"झाली का आंघोळ?"

"नाही," आतून आवाज आला. "ते सावकाश करतात."

साहेब वाकले. त्यांनी माझ्या तळाला बोट लावलं. आदल्याच दिवशीची बदकाची फेरी. चिखल अजून ओलसर होता. त्यांनी बोट रुमालाला पुसलं आणि लिहून घेतलं. मग समोरचं दार वाजवलं. मावशी बाहेर आल्या.

"इथे पुरुषमाणूस राहतो का?"

"राहतात की," मावशी म्हणाल्या. "रात्रपाळीला असतात बहुतेक. मी काही बघितलं नाही त्यांना, पण माणूस देवमाणूस. दोन वर्षांत आवाज चढलेला ऐकला नाही. असा नवरा मिळायला नशीब लागतं, साहेब."

साहेबांनी तेही लिहून घेतलं.

आठवड्याने पत्र आलं. आईने ते दारातच उभ्याने वाचलं. घरात पुरुष राहत असल्याचं लपवलं, म्हणून सवलत बंद. पंधरा दिवसांत खुलासा करा, नाहीतर खोली रिकामी करा. पूर्ण भाडं भरणं तिच्या पगारात बसणारं नव्हतं, हे पत्रात लिहायची गरज नव्हती.

मुंगी तिच्या मागे उभी होती. "माझं चुकलं का?"

"नाही गं," आई म्हणाली. "तू बरोबर बोललीस. फक्त माणूस वेगळा निघाला."

दुसऱ्या दिवशी आईने आम्हाला कापडी पिशवीत घातलं आणि खात्यात नेलं. खिडकीपलीकडे चष्मा लावलेल्या बाई होत्या. आईने घटस्फोटाचा कागद पुढे सरकवला.

"हा जुना आहे," बाई म्हणाल्या. "बूट आता दिसलेत."

"बूट जुन्या बाजारातले आहेत, कागदाहून जुने, मॅडम."

"चिखल ताजा होता असं लिहिलंय."

"चिखल मी लावते."

बाईंनी चष्मा वर केला. रांगेत मागे कोणीतरी हसलं. आईने सगळं सांगितलं: माचीस, दोन मोजे, तांब्याभर पाणी. सांगताना तिचे कान लाल झाले. पिशवीच्या तोंडातून मला ते दिसत होते.

"मला पटतंय हो," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "पण माझ्या पटण्याने फाइल हलत नाही. इमारतीतल्या दहा घरांच्या सह्या आणा. इथे ही बाई आणि तिची मुलगी दोघीच राहतात, घरात पुरुष नाही, असं लिहून." मग जरा पुढे झुकून म्हणाल्या, "आणि एक तुमच्या भल्याचं सांगते. नोकरी सोडलीत तर सवलत पूर्ण मिळेल. मुलीपाशीही राहाल. हे बूटबीट लागणारच नाहीत."

आईने घटस्फोटाचा कागद घडी घालून पिशवीत ठेवला. "कामाला जाते म्हणून सवलत निम्मी, आणि कामाला जाते म्हणून पोर एकटी. मॅडम, माझा गुन्हा कोणता तेवढा एकदा लिहून द्या."

बाईंनी लिहून दिलं नाही. कोऱ्या कागदावर मजकूर तेवढा टाइप करून दिला.

त्या संध्याकाळी आई उंबऱ्यावर माझ्या शेजारी बसली. कागद मांडीवर होता. मला तिचं कोडं कळत होतं. सह्या नाही आणल्या तर घर जाणार. आणायच्या तर दारोदार जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगावं लागणार, की आत कोणी नाही. दोन वर्षं जे झाकलं, त्याचीच दवंडी पिटायची.

"आपण दुसरीकडे जायचं का?" मुंगीने विचारलं.

"कुठे?" आई म्हणाली. रागाने नाही. खरंच विचारल्यासारखं.

रविवारी सकाळी तिने केस नीट बांधले, पिशवीत आम्हाला घेतलं आणि पहिली बेल मावशींची वाजवली. मावशींनी कागद वाचला, मग मला पाहिलं, मग आईला.

"अगं, म्हणजे दोन वर्षं मी कौतुक कोणाचं करत होते? आमच्या ह्यांना रोज ऐकवायचे, समोरच्यांकडून शिका जरा!" त्या हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "मला तरी सांगायचंस ना, बाई."

"तुम्हाला खरं वाटलं म्हणून तर सगळ्यांना वाटलं, मावशी."

मावशींनी सही केली. तळमजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी केली, पण आधी मजकुरातल्या दोन चुका दुरुस्त केल्या. एका घरात "आम्ही कुणाच्या भानगडीत पडत नाही" असं सांगून दार लावलं गेलं. तीन घरांना कुलपं होती.

दुसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणारी बाई राहायची. तिच्या दाराशीही मोठ्या काळ्या बुटांचा जोड होता. बदकाच्या फेरीला जाता-येता मी त्याला पाहिलेलं. एवढा नीटनेटका शेजारी मला दुसरा माहीत नव्हता. तिने कागद वाचला, दोनदा वाचला. मग स्वतःच्या पायाने तो जोड हळूच आत ओढला.

"सही करते," ती पुटपुटली. "पण माझ्याबद्दल कुठे बोलू नकोस."

आई म्हणाली, "मी काही पाहिलंच नाही."

दुपारपर्यंत नऊ सह्या झाल्या. दहावी कुठूनच मिळेना. आई जिन्यात उभी राहिली. खाली खोपट्यात तो बसला होता, मोबाइलचं पोट उघडून. आईचा हात पिशवीच्या बंदांवर इतका आवळला होता की माझी जीभ दुमडली.

ती खाली उतरली आणि कागद त्याच्यापुढे ठेवला.

त्याने तो सावकाश वाचला. ओळीखाली बोट फिरवत. "म्हणजे घरात कोणीच नाही?"

"मुलगी आहे," आई म्हणाली.

"तसं नाही म्हणत मी." त्याने पिशवीत डोकावून माझ्याकडे पाहिलं. मी जमेल तेवढा मोठा झालो, पण पिशवीतला बूट किती मोठा होणार! त्याने सही केली, छान वळणदार. "वहिनी" आता ओठांवर आलं नाही. कागद परत देताना म्हणाला, "नाव काय म्हणालात तुमचं? काही लागलं तर सांगत चला. संकोच नको."

आईने कागद घेतला. वर येईपर्यंत ती एकदाही थांबली नाही. दार लावून घेतल्यावर मात्र दाराला पाठ टेकून बराच वेळ तशीच उभी होती.

सोमवारी खात्यात चौकशीसाहेबही हजर होते. त्यांनी सह्या मोजल्या, मान हलवली. "ठीक आहे. पुढची तपासणी न सांगता होईल. तेव्हा दारात पुरुषाची कुठलीच वस्तू नको. आणि हे बूट इथेच राहू द्या, प्रकरणाचा पुरावा म्हणून."

आईने आम्हाला टेबलावर काढून ठेवलं. नाड्या सारख्या केल्या. "ठेवून घ्या, साहेब," ती म्हणाली. "पण मग सव्वाचार ते सात तुम्ही येऊन उभे राहाल का, आमच्या दाराशी?"

साहेबांना ती थट्टा वाटली. ते थोडंसं हसले. मग त्यांना कळलं असावं, कारण ते आपल्या उसवलेल्या बुटाकडे बघत राहिले. आई निघाली. तिच्या चपलांचा आवाज कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ऐकू आला. आम्हाला परक्या जागी सोडून ती पहिल्यांदाच घरी जात होती.

आता मी खात्याच्या लोखंडी कपाटात आहे. नाडीला चिठ्ठी बांधली आहे, त्यावर नंबर. निकाल तिच्या बाजूने लागला. सवलत सुरू राहिली, निम्मी होती तेवढीच. बूट घेऊन जावेत असं पत्रही तिला गेलं. ती आली नाही. शहाणी आहे, कशी येईल?

एक विनंती करतो. जिना चढताना कधी एखाद्या दाराशी मोठे बूट दिसले आणि ते जरा जास्तच नीट ठेवल्यासारखे वाटले, तर ते कोणाचे, असं विचारू नका. कोणाला सांगूही नका. गुमान आपल्या मजल्यावर जा.

समोरच्या भिंतीवर घड्याळ आहे. कपाटाचं दार नीट लागत नाही, त्या फटीतून मला त्याची उजवी बाजू तेवढी दिसते. सव्वाचार वाजलेले मला रोज कळतात. तेव्हा मी नाक बाहेर करून ताठ उभा राहतो. सातचा आकडा मात्र पलीकडच्या बाजूला आहे. तो इथून दिसत नाही.