तीन मामा तलाव

प्रेमिलाबाईनं पिशवीतून कागद काढला आणि साधनाच्या कीबोर्डवर आपटला.

"तीन तलाव होते आमच्या संस्थेचे. इथी एकच लिवलाय. दोन कुठी गेले, सांग!"

प्रेमिलाबाई चामोर्शीकडच्या एका मच्छीमार संस्थेची अध्यक्ष. पहाटेच्या बसनं ती चंद्रपूरला आली होती. साधना ज्या लहानशा कंपनीत प्रोग्रामर होती, त्या कंपनीनंच चंद्रपूर आणि चामोर्शीकडचा अशा दोन्ही जिल्ह्यांच्या तलावांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर बनवलं होतं.

साधनानं कागद वाचला. 'मामा तलाव.' एवढंच.

कोणत्या संस्थेकडे कोणते तलाव, ते एका ओळीत यावं म्हणून तिनंच क्वेरी, म्हणजे नोंदी शोधून काढायची आज्ञा, लिहिली होती. संस्थेच्या सगळ्या नोंदींतली नावं उचलायची आणि स्वल्पविराम देऊन जोडायची. पहिल्यांदा 'मामा तलाव, मामा तलाव, मामा तलाव' असं छापून आलं, तेव्हा तिचा वरिष्ठ देवानंद सगळ्यांदेखत हसला होता. मग तिनं डिस्टिंक्ट हा एक शब्द घातला. सारखं नाव एकदाच.

"मामा तलाव एकच ना?" तिनं चाचरत विचारलं.

"कोणत्या गावची वं तू?"

"राजुऱ्याची. कोळसा खाणीच्या कॉलनीतली."

"म्हणूनच! मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या काळचा कोणताही तलाव मामा, माजी मालगुजारी तलावच असते. गावोगावी हाय. पलीकडची संस्था तुहा कागद दाखवून, 'तुमचा एकच' म्हणत बाकीच्या दोन तलावांत उतरली. आमचे जाळे फाडले, मासे काढून नेले!"

आवाज ऐकून देवानंद आला. "बाई, शांत व्हा. या मॅडमनं मला न विचारता बदल केला."

साधनाच्या कानशिलांत आग पेटली. तिनं मोबाईल काढला आणि त्याचाच मेसेज मोठ्यानं वाचला, "डुप्लिकेट उडव. असा कागद पाठवायची लाज वाटते."

देवानंदचा चेहरा काळवंडला. "ऑफिसच्या गोष्टी बाहेरच्यांसमोर काढतेस?"

"तुमचं भांडण तुमच्यापाशी ठेवा," प्रेमिलाबाई कडाडली. "मले तलाव पाह्यजे."

साधना खुर्ची ओढून बसली. आता सारखेपणा नावावरून नाही, तलावाच्या क्रमांकावरून धरायचा आणि नावापुढे गाव जोडायचं. पाच मिनिटांचं काम होतं. मग तिनं जुनी आणि नवी यादी शेजारी ठेवली. एक्केचाळीस संस्थांचे तलाव गळाले होते.

देवानंद तिच्या खांद्यावरून वाकला. "फक्त या बाईचा कागद दे. बाकीचे ओरडतील तेव्हा पाहू."

"आणि तिथं कोणाचं डोकं फुटलं तर?"

"सांगितलं तेवढं कर."

तिनं एक्केचाळीसही कागद साइटवर चढवले. जुना कागद रद्द झाल्याचा मेसेज प्रत्येक संस्थेच्या फोनवर सोडला. प्रेमिलाबाईचा फोन तिथंच टुणकन वाजला.

"उद्यापासून येऊ नकोस," देवानंद दात आवळून म्हणाला.

"पत्र द्या तसं. कारणासकट."

तो पाय आपटत केबिनमध्ये गेला.

प्रेमिलाबाईनं नव्या कागदावर बोट ठेवून तिन्ही गावांची नावं वाचली, पुन्हा एकदा वाचली.

"माफ करा, बाई," साधना म्हणाली.

"मासे गेले ते गेले. तुह्या माफीनं तळ्यात येत नाई." पिशवी काखोटीला मारून ती जिना उतरू लागली.

साधना केबिनच्या दाराशी जाऊन उभी राहिली. पत्र हातात पडेपर्यंत ती तिथून हलली नाही.