पांढऱ्या चहाला दम

किशनराव गजभारे यांना घरातलं एकच काम येत होतं. भाजीला पाठवलं तर जून भेंडी आणत. उशीला अभ्रा घालायला दिला तर उलटा घालत आणि वर तोच बरोबर आहे म्हणून वाद घालत. पण सकाळचा चहा त्यांचा. लग्न होऊन तेहतीस वर्षं झाली, नोकरी संपून तीन, आणि एवढ्या काळात हैदराबादच्या अंबरपेठेतल्या त्या घरात सरुबाईंनी सकाळी चहाचं भांडं हातात धरलं नव्हतं. माहेरच्या बायका आल्या की हे पाहून तोंडात बोट घालत.

हा चहाही साधासुधा नव्हे. पहाटे पाचला उठून किशनराव पत्ती घातलेलं पाणी पितळी भांड्यात चढवत, झाकणाभोवती ओलं फडकं आवळत आणि गॅस अगदी बारीक करून तासभर दम देत. शेजारच्या शेगडीवर दूध आटत असे. दोन्ही जमली की कपात आधी दूध, मग तो काळाशार अर्क. सरुबाई चादरीच्या घड्या घालून ओट्याजवळ येऊन बसत आणि बशीत ओतून पीत. पिता पिता बोलणं होई. मुलाला, नागसेनला, इंजिनिअरिंगला घालायचं, वरची खोली बांधून भाड्याने द्यायची, गावाकडचा जमिनीचा तुकडा भावाला सोडून द्यायचा, असले सगळे निर्णय त्या अर्ध्या तासात झाले. दिवसभरात किशनराव फारसं बोलत नसत. त्यांचं सगळं बोलणं सकाळीच खर्च होऊन जाई.

हा चहा ते मलकपेठच्या एका इराणी हॉटेलात शिकले होते. बिलोलीकडच्या त्यांच्या गावात हॉटेल म्हणजे एक चूल आणि दोन बाकडी. त्यांच्या वस्तीतल्या माणसांचे कप वळचणीला वेगळे ठेवलेले असत. आपला आपण विसळून घ्यायचा, पुढे धरायचा, हॉटेलवाला वरून ओतणार. सतराव्या वर्षी किशनराव कामासाठी मामाकडे हैदराबादला आले आणि त्या इराण्याकडे लागले. पहिल्या दिवशी कपांच्या ढिगापुढे उभे राहून त्यांनी विचारलं, माझा कप कुठला. भट्टीवरच्या चाचांना प्रश्नच कळला नाही. "जो हात में है, वोइच तेरा," ते म्हणाले आणि कामाला लागले. पुढे पाणीपुरवठा खात्यात नोकरी लागली, पेन्शनसुद्धा लागली, पण चहा म्हटला की किशनरावांना अजूनही ते वाक्य ऐकू येई. म्हणून ते चहा मनापासून करत, आणि ज्याला मनापासून द्यायचा त्यालाच करून देत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना अमेरिकेहून खोका आला.

नागसेन दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीला गेला होता. त्या काळात अमीरपेठेतल्या क्लासात कॉम्प्युटर शिकायचं आणि विमानात बसायचं असा रिवाजच पडला होता. गल्लीतल्या चार घरांत एक पोरगा तरी तिकडे होता. बाकीची पोरं आईला घड्याळ पाठवत, अत्तर पाठवत. नागसेनने सुट्टीवर येणाऱ्या मित्राच्या हाती चहा पाठवला. पाच डबे, पाच जातींचे, आणि वर दोन पानांचं छापील पत्र. पोराला मराठी बोलता येई, लिहिता येत नसे, म्हणून पत्र इंग्रजीत. ते वाचायला वरच्या भाडेकरणीला, ज्योतीला बोलावलं.

ज्योती पुण्याची. तिचा नवरा किशोर एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि ती स्वतः घरी इंग्रजी मासिकं वाचून सगळ्यांच्या तब्येतीची काळजी करी. तिने पत्र खणखणीत आवाजात वाचलं. हिरवा चहा हृदयाला. जास्वंदीचा रक्तदाबाला. कॅमोमाइल नावाच्या फुलांचा झोपेला. ऊलाँग चरबीला. आणि सगळ्यात महाग तो पांढरा. तो कातडीला, सुरकुत्यांना, एकूणच म्हातारपण लांबवायला. आईने दुधासाखरेचा चहा बंद करून हेच प्यावेत, म्हणजे ती पुष्कळ जगेल आणि तरुण दिसेल, असं पोराचं म्हणणं. ज्योती म्हणाली, काकू, नशीबवान आहात. तिने कुठला डबा कधी तेही ठरवून दिलं.

किशनरावांना वाटलं, दोन दिवसांचं नवल आहे. पोराच्या समाधानासाठी सरू घोटभर घेईल आणि डबे शोकेसमध्ये जातील. पण तिसऱ्या दिवशी ते पाचला उठले तर सरुबाई आधीच उठलेल्या. पाणी गरम करून, त्यात चिमूटभर पाला टाकून, ओट्याशी उभ्याउभ्याच पीत होत्या. तोंड कडू झालेलं दिसत होतं. "माझा नका टाकू आता," त्या म्हणाल्या आणि कप धुऊन ठेवला.

त्या दिवसापासून पितळी भांड्यात पाणी निम्मं झालं. एकट्यापुरत्या चहाला दम नीट बसत नाही, हे ज्याने केलाय त्यालाच माहीत. पत्ती करपट लागे, दूध भांड्याला चिकटे. किशनराव कप घेऊन ओट्याशी बसत, समोर कोणी नसे. सरुबाई आपला चहा संपवून कधीच अंगण झाडायला गेलेल्या. दुधवाल्याला निम्मं दूध सांगावं लागलं तेव्हा त्याने घरात कोणी आजारी आहे का म्हणून विचारलं. किशनरावांनी त्याला उगाच झिडकारलं.

त्यांना वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. आयुष्यात बायकोला द्यायला त्यांच्याकडे ही एकच गोष्ट होती आणि ती तिने, न भांडता का होईना, परत केली होती. पुरुषमाणूस असलं काही उघड बोलत नाही, मग ते वाकड्या वाटेने बाहेर येतं. ते चिडवायला लागले. सरुबाईंच्या गालांवर बाळंतपणापासूनचे वांग होते. दर रविवारी किशनराव चष्मा लावून ते पाहत आणि म्हणत, अजून तेवढेच आहेत, पोराला सांग डबा खोटा निघाला. ज्योतीने एकदा काकूंचा चेहरा उजळलाय म्हटलं, तर म्हणाले, ट्यूबलाइट नवीन बसवलीय. एकदा तर ह्या वयात कोणाला दाखवायचंय असंही बोलून गेले. सरुबाई हसल्या आणि म्हणाल्या, तुम्हाला. किशनरावांना ते पटलं नाही.

असे दोन महिने गेले. मग एका सकाळी किशनरावांनी स्वतःशी ठरवलं. तिला तोच पाला प्यायचा असेल तर पिऊ दे, पण तो आपल्या हातचा पिऊ दे. उभ्याउभ्या गरम पाण्यात टाकून प्यायला तो काय काढा आहे? चहा आहे ना, मग चहासारखा झाला पाहिजे. पोराने एवढा महागाचा पाठवला तर तो जीव ओतून करावा.

त्या दिवशी ते चारला उठले. पांढऱ्या चहाचा डबा उघडला. आत मऊ, लव असलेल्या कळ्या होत्या. एवढ्याने काय रंग येणार म्हणून त्यांनी मूठभर घातल्या, झाकण ठेवलं, फडकं आवळलं आणि भट्टीवरच्या चाचांना स्मरून तब्बल दोन तास दम दिला. दूध आटवलं. साखर तेवढी घातली नाही, कारण पोराने मना केली होती; दूधही मना होतं, पण दुधाशिवाय चहा कसला. झाकण काढलं तेव्हा घरभर उकडलेल्या गवताचा वास सुटला. रंग तांबूसही नाही न पांढराही नाही, असा काहीतरी आला. किशनरावांनी स्वतः चाखला नाही. पहिला कप सरूचा, हा नियम त्यांनी तेहतीस वर्षांत मोडला नव्हता.

सरुबाई उठून आल्या, ओट्याजवळचा वाफाळता कप पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं आणि खाली बसल्या. दोन महिन्यांनी पहिल्यांदा बसल्या. बशीत ओतला. पहिल्या घोटाला त्यांचे डोळे बारीक झाले. दुसऱ्या घोटाला त्या थोडं थांबल्या. मग त्यांनी सगळा कप संपवला, तळाला उरलेलंसुद्धा बशीत निथळून घेतलं. चांगला झालाय, म्हणाल्या, आणि झाडायला गेल्या.

किशनरावांना आनंद झाला. त्यांनी उरलेला आपल्या कपात ओतला, घोट घेतला आणि मोरीत जाऊन थुंकला. कडुनिंबाचा पाला वाटून दुधात कालवावा तसली चव. तोंड धुऊन ते तडक वर गेले आणि ज्योतीला डबा दाखवला. तिने कपाळाला हात लावला. काका, हा उकळायचाच नसतो. पाणी जरा निवलं की तीन मिनिटं पाला ठेवायचा, दूध तर मुळीच नाही. मूठभर घातलात? आणि दोन तास? ती हसायला लागली, मग त्यांचा चेहरा पाहून गप्प झाली.

खाली आले तेव्हा सरुबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. किशनराव समोर बसले.

"सरू, ते कामून पिलीस?"

"तुम्ही केला म्हणून."

"आणि रोज पितीस ते? तोंड वाकडं करून, उभ्यानं? ते कामून? वांगासाठी?"

सरुबाईंनी ताटातला एक खडा बाजूला काढला. त्यांना हे बोलायचं नव्हतं, हे दिसत होतं. पण दोन महिन्यांच्या चिडवण्यामागे काय होतं ते त्यांनाही आज कपात दिसलं होतं.

"मागल्या साली निमोनियानं मी आठ दिवस दवाखान्यात होते," त्या म्हणाल्या. "आल्यावर बघितलं. पत्तीचा डबा मी ठेवून गेले तेवढाच होता. आठ दिवस तुम्ही घरात गॅस पेटवला नव्हता. बिस्किटाचे पुडे खाऊन पडून होता."

किशनराव खाली पाहू लागले. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. तिलाही कळली नसेल, असंच ते धरून चालले होते.

"वस्तीवरच्या आपल्या बाया, वरची ज्योती, सगळ्या म्हणतेत, नवऱ्याच्या आधी जावं, भरल्या कपाळानं जावं. मला नको तसलं. तुम्ही सात वर्षांनी मोठे. आधी तुम्ही जायचं. मागं मी राहीन. मला एकटीला जमतंय, तुम्हाला जमणार नाही." मग त्यांनी ताट झटकलं. "नागसेनचा पाला खरा का खोटा, मला काय माहीत. खरा असला तर तेवढे दिवस तर वाढतील. चवीला काय करायचंय?"

किशनरावांनी डोळे पुसले, लपवलं नाही. बायको आपल्यासाठी विधवा व्हायची तयारी करतेय आणि आपण तिचे वांग मोजत बसलो होतो, ही लाज त्यांना आतून पोळली. सरुबाईंनी तांदूळ धुवायला घेतले.

दुसऱ्या दिवसापासून पांढरा चहा किशनराव करू लागले. पाणी निववून, ज्योतीने सांगितला तेवढाच पाला घालून, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत तीन मिनिटं. शेजारी त्यांचा दमाचा चहा असेच. सरुबाई बसून पीत आणि बोलणं पुन्हा सुरू झालं.

रविवारी नागसेनचा फोन आला. आईशी बोलून झाल्यावर त्याने वडिलांना विचारलं, डबे संपत आले असतील, ह्या वेळी जास्त पाठवतो, दोघांपुरते. पप्पा, तुम्ही पण चालू करा, साठी ओलांडलीय तुमची.

"मला नको," किशनराव म्हणाले. "तिचा मात्र कधी कमी पडू देऊ नकोस."

"पण का? तुम्हाला पण चांगलंच आहे ते."

किशनरावांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. सरुबाई पलंगावरची चादर झटकून घडी घालत होत्या. किशनरावांनी आवाज जरा खाली आणला.

"मी पण लांबलो, तर माझ्यामागं राहायला तुझ्या आईला अजून लांबावं लागंल रे."