दार सगळ्यात शेवटी

धुरपानं भिंतीवरल्या मनोऱ्याचं दार ओल्या फडक्यानं पुसलं, आणि नदीपल्याडच्या खऱ्या मनोऱ्याचं दारही गेलं. यात कुणाला नवल वाटलं नाही. उद्याचं शहर आधी तिच्या भिंतीवर उमटायचं, मग पल्याड उभं राहायचं. अग्निबाणासारखे निमुळते मनोरे, त्यांच्या कमरेला कडदोऱ्यासारखे फिरते रस्ते, माथ्यावर काचेचे घुमट.

चूक धुरपाचीच. रंगाऱ्यांची रीत अशी, की दार आधी रेखाटावं आणि पुसायची पाळी आली तर सगळ्यात शेवटी पुसावं. आतल्यांना बाहेर पडता येतं. पण नगररचनेचे कारखानीससाहेब पाठीमागं उभे होते. चित्रात फार गर्दी झालीय, नव्या जमान्याला एवढं लागत नाही, असं म्हणत त्यांनी बोट दारावर ठेवलं, आणि तिचा हात बोटामागं गेला. त्या मनोऱ्यात तिची धाकटी बहीण तानू राहत होती.

दार पुन्हा काढलं, तर रंग भिंतीवर ठरेना. साहेबांनी खिडक्या पुसायला सांगितल्या. धुरपानं फडकं खाली ठेवलं. साहेबांनी ते उचललं आणि खिडक्या पुसल्या, रस्ते पुसले, घुमट पुसले.

ती पूल ओलांडून गेली, मनोऱ्याला कान लावला.

"तानू, जेवलीस का गं?"

"बसल्या बसल्या जेवले. आडवं व्हायला जागा कुठाय?" आतून हसू आलं. "रडतीस कशाला अक्का? लहानपणी सगळी वाकळ तूच ओढायचीस. मला सवय हाय."

धुरपा परतली तेव्हा चित्रातल्या मनोऱ्याच्या दोन उभ्या रेषा जवळ सरकल्या होत्या. आत माणूस आहे, असं तिनं हात जोडून सांगितलं.

"चित्रात दिसतंय का?" साहेबांनी विचारलं. दिसत नव्हतं.

मग त्यांनी मनोरे एकेक करून निजवले. दिवस कलेपर्यंत सगळं शहर एका आडव्या रेषेवर आलं. पल्याड नुसतं आभाळ, आणि आभाळाखाली तीच रेष.

साहेब मागं सरून बघत राहिले. त्यांचे डोळे पाणावले होते.

"सुरेख. फक्त इथं जरा हलतेय."

रेषेला एके जागी बारीक फुगवटा होता. तो वर यायचा, खाली जायचा. धुरपानं त्यावर तळवा ठेवला. रेष कोमट होती.

साहेबांनी शेजारी लाकडी पट्टी टेकवली, ती हळूहळू सरकवत आणली.

"हात काढा, बाई."

तळव्याखाली कुणीतरी कूस बदलली.