आवडलं म्हणून सांगितलं

आज शनिवारी सकाळी गाणं आलं, पण त्याच्या तळाशी ठोका नव्हता.

तुम्हाला ते कळलंही नसतं. मला कळलं, कारण मी हेडफोन आहे. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात राहणाऱ्या जिज्ञासाच्या कानांवर बसून गेली चार वर्षं मी हेच काम करतोय. आयुष्यभर दुसऱ्यांचंच बोलत आलो, आज थोडं माझं बोलतो.

तर तो ठोका. ‘दुसरी पाळी’ नावाचा तिघांचा बँड मोरिवलीतल्या एका कारखान्यामागच्या निळ्या शेडमध्ये वाजवायचा. शेजारी पत्रा कापणारं प्रेस मशीन चालायचं, धप्प, धप्प, धप्प. त्या दणक्यात यांचा दणका बुडून जायचा, म्हणून कुणाची तक्रार यायची नाही. ड्रमवाला जितेश तर त्या मशीनच्याच लयीवर हात बसवायचा. गिटारवाला प्रज्वल दर शनिवारी नवं रेकॉर्डिंग जिज्ञासाला पाठवायचा.

आणि आज मशीन नाही. ड्रमही नाही, कुणीतरी उशीवर काठ्या आपटत असल्यासारखं वाटत होतं. एरवी शेडचे पत्रे हलवणारी संजीवनी शेजारी बाळ झोपलंय अशा आवाजात गात होती.

जिज्ञासाने मला दोन्ही हातांनी कानांवर दाबलं. “काहीतरी गेलंय,” ती पुटपुटली.

माझी जन्मकथा काही मोठी नाही. उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या बाजारात चंदूशेठच्या दुकानात मी खोक्याशिवायच टांगलेला होतो. जिज्ञासा तेव्हा तिथल्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होती.

“ले बेटा, बेस एकदम टॉप है,” चंदूशेठ म्हणाले.

“बेस नको. बाहेरचा आवाज बंद होतो का याने?”

चंदूशेठने मला खाली काढता काढता तिच्याकडे नीट पाहिलं. “साईं, गाने के लिए सब लेते हैं. चुप रहने के लिए तू पहली है.”

खरंच तसं होतं. ही मुलगी फार दचकते. कुकरची शिट्टी झाली की दचकते, मागून कुणी “अगं” म्हटलं की दचकते, फोन वाजला तर घाबरून आधी तो उलटा ठेवते. जग बंद करायला तिने मला घेतलं. पण नुसता रिकामा मी तरी किती वेळ कानांवर बसणार? तिने काहीतरी लावलं. मग दुसरं काहीतरी. जुन्या, ओळखीच्या गाण्यांना आठवणी चिकटलेल्या असतात, नव्या गाण्यात कुणी दबा धरून बसलेलं नसतं, असं ती म्हणायची. म्हणून ती नवीनच शोधायला लागली. ज्यांना शंभर माणसंही ऐकत नाहीत असे बँड.

माझ्यातून काय काय गेलं म्हणून सांगू! ‘मिठागर’ नावाच्या दोघी बहिणी, लग्नातले धवले म्हणणाऱ्या बायांचे आवाज घेऊन त्यांच्याखाली सिंथेसायझरची गार लाट सोडणाऱ्या. कॅम्प पाचमधले दोन रॅपर, एक ओळ सिंधीत, दुसरी मराठीत, तिसरी रिक्षावाल्याशी भांडताना वापरतात त्या भाषेत. नागपूरकडचं एक जॅझ त्रिकूट, ज्यांचा सॅक्सोफोनवाला दम लागला की चक्क खोकायचा आणि तो खोकला गाण्यात तसाच ठेवायचा. आणि मेटल वाजवणारी ‘दुसरी पाळी’.

जिज्ञासाचा नियम कडक होता. गाणं तीनदा ऐकायचं, तिसऱ्यांदाही अंगावर आलं तरच पुढे सांगायचं. दर गुरुवारी ती तीन नवे बँड निवडून ‘नवं ऐक’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हॉइस नोट पाठवायची. समोरासमोर चार वाक्यं बोलताना अडखळणारी पोरगी माझ्या वायरीवरच्या माइकमध्ये मात्र घडाघडा बोलायची. सोसायटीतल्या बकुळाकाकू भजनं मिळतील म्हणून ग्रुपमध्ये आल्या होत्या. त्या एकदा जिन्यात म्हणाल्या, “तुझ्या त्या मिठागरवाल्या लावल्या, पोळ्या कशा भराभर झाल्या बघ. ते ओरडणारे मात्र नको गं. कढईच पडल्यासारखं वाटतं.”

“काकू, तीनदा ऐका.”

“तीनदा कढई?”

असे तीनशे लोक होते. मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

तर आज सकाळी तिने प्रज्वलला लिहिलं, “मशीनचा आवाज कुठे गेला?” उत्तर बऱ्याच वेळाने आलं. “शेड गेली. तुझ्या व्हॉइस नोटमुळे. उद्या ड्रमसेट जितेशचा भाऊ अल्पेश त्याच्या बँजो पार्टीला घेऊन जातोय. आता राहू दे.”

मग तिने दोन आठवड्यांपूर्वीची स्वतःचीच व्हॉइस नोट माझ्यातून ऐकली. “...मोरिवलीत प्रेसच्या मागे निळी शेड आहे ना, तिथे हे वाजवतात. जितेशचे मामा, धर्मराजमामा, तिथे वॉचमन आहेत, ते दुपारी कुलूप उघडून देतात. किती भारी ना!”

किती भारी. नंतर मामांकडून कळलं, कारखान्याच्या मालकाला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याच्या पुतण्याला गाणं आवडलं आणि त्याने कौतुकाने नोट काकालाच पाठवली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. तरी तिघांचं छप्पर गेलं. माझ्यातून तिने ते वाक्य उच्चारलं तेव्हा मीही कसा खूश होतो, हे आठवून माझी वायर आखडली.

तिला रडू आलं नाही याचं मला नवल वाटलं. तिने ती नोट काढून टाकली, मला गळ्यात अडकवलं आणि शेअर रिक्षा पकडून मोरिवली गाठली.

धर्मराजमामा कारखान्याच्या मागच्या गेटवर स्टुलावर बसले होते.

“कोण गो तू?”

“मी... जिज्ञासा. ती व्हॉइस नोटवाली.”

मामांनी तिला वरून खाली न्याहाळलं. “आवाज तोच हाय. पन फोनात मोठी वाटतेस.”

“मामा, माझ्यामुळे तुमचं...” मागून टेम्पोने हॉर्न मारला. ती अशी उडाली की मी गळ्यातून थेट कोपरापर्यंत घसरलो.

“मला काय झाला? फुडल्या गेटवरनं मागल्या गेटवर. तिथं पंखा व्हता, इथं वारा हाय.” मग ते जरा थांबले. “पोरं मात्र मोडली. एवढी सगल्यांची नावं घेतलीस, मालकाचं पन घ्यायचं व्हतं. खूश तरी झाला असता.”

तिला हसावं की काय ते कळेना. “मी त्यांना मेसेज करते परत.”

“मेसेज? सगल्या गावाला आवाज पाठवतेस, नि तिघांना फोन लावाया घाबरतेस?”

माझी वायर तिने मुठीत इतकी आवळली की मला तिचं ठरलेलं कळलं. त्यांना वाजवायला दुसरी जागा शोधल्याशिवाय, रिकाम्या हाताने ती फोन करणार नव्हती.

तिथून आम्ही जांभूळला गेलो, तिच्या विठाआत्याकडे. आत्याचा गोठा पाण्याच्या पंपहाउसला लागून आहे. पंपांची घरघर एवढी की अंगणातही ओरडूनच बोलावं लागतं.

“किती जना?” आत्या ओरडली.

“तिघं! मोठ्ठा आवाज करतात!”

“त्यात पोरगी हाय?”

“तीच गाते!”

“मग येऊ दे. म्हशी इकल्या तवापासून गोठा मोकलाच हाय. मला माजा टीव्ही ऐकू येत नाय, त्यांचा काय ऐकू येनार? पन झाडायचा त्यांनीच, सांगून ठेव.” मग तिच्या डोळ्यांत चमक आली. “नि तुज्या त्या फोनात सांग, इठाचा गोठा म्हनून.”

“नाही आत्या. आधी त्यांना विचारते.”

आता आम्ही गोठ्याच्या उंबऱ्यावर बसलोय. चार वाजलेत. माझी अवस्था तुम्हाला दिसतेयच, उजवी वाटी गेल्या पावसाळ्यापासून मुकी आहे, डावीचं कापड फाटलंय, वायरीला दवाखान्यातली चिकटपट्टी आहे. घरी तिच्या वडिलांनी आणलेले बिनवायरीचे छोटे इअरबड डबीत पडलेत. माझे दिवस भरत आलेत. त्याचं दुःख नाही. एक फोन तेवढा माझ्यातून व्हावा.

प्रज्वलने कट केला. जितेशची रिंग वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. पण तिने फोन उलटा ठेवलेला नाही. आता संजीवनी.

रिंग जातेय तोवर तुम्हाला एवढंच सांगतो. नवं ऐका, ज्यांना कुणी ऐकत नाही त्यांना तर जरूर ऐका. तिसऱ्यांदाही आवडलं तर शेजाऱ्याला सांगा, कुणी हसलं तरी सांगा. फक्त ते कुठे बसून, कुणाच्या मेहेरबानीवर वाजवतात, हे सांगण्याआधी त्यांना विचारा. आम्ही दोघांनी विचारलं नाही.

सहावी रिंग. सातवी. जिज्ञासा मनातल्या मनात वाक्य जुळवतेय, मोडतेय, परत जुळवतेय. आठवी.

रिंग थांबली. माझ्या एकुलत्या चालू वाटीत कुणाचा तरी श्वास आला.

“संजीवनी, मी जिज्ञासा. ठेवू नको. मी चुकले, आणि मी जागा शोधलीय. दोन्ही सांगायचंय.”

पलीकडे काहीतरी कुजबुज झाली.

“थांब,” संजीवनी म्हणाली. “स्पीकरवर टाकते. तिघंही इथेच आहोत.”