चार वाजता वाचलेल्या सातच्या बातम्या

बाईंनी त्या छोट्याशा वाहिनीवर चोवीस वर्षं बातम्या वाचल्या. त्यांना नाव होतंच, पण शहरात ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. भाजीवाल्यापासून बँकेच्या शिपायापर्यंत सगळे त्यांना 'बातम्यांच्या बाई' म्हणत. रस्त्यात थांबवून कुणीही विचारायचं, "बाई, उद्या पाणी येणार का हो?" जणू नळाची चावी त्यांच्याच पर्समध्ये.

सुरुवातीला तिथे अकरा माणसं होती. फर्निचरच्या दुकानावरच्या तीन खोल्या आणि अकरा माणसं. एकाला शिंक आली की दुसऱ्याने 'जपा' म्हणायचं. संपादकांना सगळे मास्तर म्हणत. ते प्रत्येक बातमी बाईंकडून मोठ्याने वाचून घेत आणि विचारत, "हे तुझ्या आईला कळेल का?" कळणार नसेल तर कागद परत टेबलावर. कॅमेऱ्याखाली एक जण उकिडवा बसून बोटांवर सेकंद मोजून दाखवी. सगळं थेट चालायचं. एकदा वाचता वाचता खुर्चीचा पाय मोडला आणि बाईंनी धरणाच्या पातळीची बातमी अर्धवट उभ्याने पूर्ण केली. बातम्या संपल्या की एकाच किटलीतला चहा आणि एकमेकांची यथेच्छ धुलाई. आज सांगूनही खरं वाटायचं नाही, पण त्या शिव्या खायला बाई सुट्टीच्या दिवशीसुद्धा जाऊन बसत.

मग वाहिनी एका मोठ्या कंपनीने घेतली. माणसं एकेक करून कमी झाली. कुणाला निरोपाचा गुच्छ मिळाला, कुणाला तोही नाही. मास्तर गेले त्या दिवशी त्यांची खुर्चीही गेली, कारण ती दुसऱ्या शाखेत हवी होती.

नवीन व्यवस्थापक दर मंगळवारी मुख्य कचेरीतून यायचे. वय पस्तिशीच्या आत, बोलणं गोड. काहीही सांगा, उत्तर एकच : "एकदम छान!" कॅमेरा बिघडलाय? "एकदम छान, त्या निमित्ताने नवा विचार करू!" म्हणून पाठीमागे त्यांना सगळे छानसाहेब म्हणत. त्यांनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'आम्ही एक कुटुंब' असं लावलं, तेव्हा त्या कुटुंबात बाई धरून तीन माणसं उरली होती.

संध्याकाळची पाळी बंद करायची युक्तीही छानसाहेबांचीच. सातच्या बातम्या बाईंनी चार वाजताच वाचून ठेवायच्या. संगणक त्या सात वाजता आपोआप सोडणार. त्याच बातम्या चार शहरांत दिसणार, म्हणून 'आपल्या शहरात' ऐवजी 'आपल्या भागात' म्हणायचं. भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. बाईंनी हातातलंही काढून ठेवायचं. आणि पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत 'थेट' तसंच राहणार.

"पण ते थेट नाही ना," बाई म्हणाल्या.

"मॅडम, बातमी थेट मनापर्यंत पोचते ना? एकदम छान!"

ही गोष्ट बाहेर बोलायची नाही अशा कागदावर बाईंनी सही केली. पन्नाशी उलटलेली बाई दुसरीकडे कुठे जाणार? शेवटी म्हणायचं वाक्यही लिहून मिळालं : 'घरच्यांना वेळ द्या, पुन्हा भेटू.'

मग बाई एकट्याच राहिल्या. बातम्या त्याच लिहीत, तोंडाला रंग त्याच लावत, खिळ्यावरचा निळा कोट घालून दिवे लावत, कॅमेरा चालू करून धावत खुर्चीत येत. समोर कुणी नसे. पूर्वी बोटं मोजणारा माणूस बसायचा तिथे एक बादली ठेवलेली, छत गळायचं म्हणून. बाई बादलीला म्हणत, "नमस्कार, शुभ संध्याकाळ." बाहेर ऊन असे.

एवढंच एक बरं झालं, की साडेपाचला त्या घरी पोचू लागल्या. घरी त्या आणि आई, दोघीच. पण आईचा शिरस्ता चोवीस वर्षांचा. साडेसहालाच ती टीव्हीसमोर बसायची आणि सातला खऱ्या मुलीला गप्प करायची.

"थांब गं, बातम्या लागल्यात."

"अगं आई, मीच आहे ती. मला विचार ना काय झालं ते."

"तू मध्येच उठतेस. ती नीट सांगते."

दीड वर्ष असं चाललं. आणि एका बुधवारी बाई घरी आल्या तेव्हा आईला दम लागला होता. डॉक्टरांचा फोन लागत होता, पण कुणी उचलत नव्हतं. सातनंतर थोड्याच वेळाने आई गेली. टीव्ही चालूच होता. निळ्या कोटातली बाई हसून सांगत होती की रस्त्याचं काम लवकरच पूर्ण होईल. इकडे खऱ्या बाई पलंगाच्या कडेवर बसून होत्या. अर्धा तास त्यांनी कुणालाच हाक मारली नाही. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पावणेआठला त्यांनी शेजारी दार वाजवलं आणि दादाला फोन केला.

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. दोन तासांच्या अंतरावरच्या शहरात राहायचा, आणि तिथेही ही वाहिनी दिसायची. तो आला, करायचं ते सगळं केलं, पण बहिणीशी बोलला नाही. निघताना दारात थांबला.

"सात वाजता मी तुला पाहिलं. आई इथे एकटी तडफडत होती आणि तू तिकडे हसत होतीस. वर म्हणतेस, घरच्यांना वेळ द्या."

"दादा, ते मी चारला वाचलेलं. मी इथेच होते."

"कोपऱ्यात थेट लिहिलं होतं."

"ते लिहितात तसं."

"म्हणजे एवढी वाहिनी खोटी आणि तू खरी? शेजारच्यांना तू पावणेआठला बोलावलंस. बातम्या संपवून यायला तेवढाच वेळ लागतो." आणि त्याने चपला घातल्या.

वहिनी मागे रेंगाळली, बाईंच्या पाठीवरून हात फिरवून गेली.

पुढच्या मंगळवारी बाई छानसाहेबांसमोर उभ्या राहिल्या. एकच मागणं होतं. बुधवारच्या बातम्या दुपारी वाचल्या होत्या, एवढी एक ओळ कचेरीच्या कागदावर लिहून द्यावी.

"मॅडम, बसा, बसा. वाईट झालं हो. काही लागलं तर सांगा, आपण एक कुटुंब आहोत."

"मग कुटुंबातल्या माणसाला एक ओळ लिहून द्या."

"लिहिलेला कागद फिरतो हो. उद्या जाहिरातदारांच्या हाती पडला तर?"

"मग माझ्या भावाला फोन करून सांगा."

"फोनवर तर मुळीच नको. हल्ली सगळं रेकॉर्ड होतं."

"रेकॉर्ड तर माझंही होतं, साहेब. तेवढंच म्हणायचंय मला."

छानसाहेब हसले. चांगला विनोद झाला असं वाटलं त्यांना. मग म्हणाले, "थोडे दिवस जाऊ द्या. रक्ताची माणसं, विसरतात."

बाईंनी दोन आठवडे जाऊ दिले. दादाला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा वहिनीने उचलला आणि "ते बाहेर गेलेत" म्हणाली, त्या वेळी मागे त्याचा खोकला ऐकू येत होता. सबंध जगात आईबद्दल बोलावं असं माणूस ते एकच उरलं होतं. आईचं जुनं घर, तिचं गाणं, तिचा राग, दुसऱ्या कुणाला काय ठाऊक? रोज साडेपाचला कुलूप उघडलं की घर अंगावर यायचं. बाई सात वाजता टीव्ही लावत. तेवढाच घरात कुणाचा तरी आवाज.

एका गुरुवारी त्यांनी बातम्या लिहिल्या आणि सगळ्यात वर चार ओळी घातल्या. वाचून ठेवलेलं आधी कुणी पाहायचं नाही, पाहायला माणूसच उरलं नव्हतं. बाईंनी कॅमेरा लावला, खुर्चीत आल्या, श्वास पुरा होईपर्यंत थांबल्या.

"नमस्कार. आत्ता दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत. तुम्ही हे सात वाजता पाहाल, तेव्हा मी इथे नसेन. गेलं दीड वर्ष या बातम्या अशाच वाचल्या जात आहेत. आता आजच्या बातम्या. उद्या पूर्व भागात पाणी उशिरा येईल."

संध्याकाळी त्या घरी टीव्हीसमोर बसल्या, फोन मांडीवर घेऊन. पडद्यावर कोपऱ्यात लाल 'थेट' आणि तोंडात 'दुपारचे चार'. पाणी उशिरा येणार हे सांगून झालं, बाजारभाव झाले, हवामान झालं. साडेसात वाजले. आठ वाजले. फोन वाजला नाही. नऊला त्यांनी तो कानाला लावून बघितला, बंद तर पडला नाही ना म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, "बाई, काल आवाज जरा बसलेला वाटला. सुंठ घ्या." बाकी कुणी काही बोललं नाही.

दुपारी वहिनीचा फोन आला, हळू आवाजात.

"वन्सं, काल तुम्ही काय बोललात हो?"

"का? त्याने ऐकलं नाही?"

"ते रोज सातला लावतात, एक दिवस चुकवत नाहीत. पण आवाज बंद करून. नुसतं तुमच्याकडे बघत बसतात. काल म्हणाले, ही कागदात न बघता काहीतरी बोलली. मी म्हटलं, मग लावा की आवाज. तर उठून गेले."

बाईंनी चार ओळी तिला म्हणून दाखवल्या.

"मी सांगेन त्यांना," वहिनी म्हणाली. "पण म्हणतील तुम्ही दोघी सामील आहात. तुम्हाला ठाऊक आहे ना स्वभाव."

छानसाहेबांना कळायला तीन दिवस लागले. कुण्या जाहिरातदाराच्या कारकुनाने ते पाहिलं होतं. फोनवर त्यांचा आवाज चढला नाही, फक्त अडखळला. "मॅडम, हे तुम्ही एकदम..." आणि पुढचा शब्द त्यांना सापडेना. शेवटी म्हणाले, उद्यापासून येऊ नका; कोट कचेरीचा आहे, तिथेच राहू द्या.

बाई गेल्या, किल्ल्या टेबलावर ठेवल्या. निरोप घ्यायला कुणी नव्हतं. बादली भरत आली होती, ती रिकामी करून त्या जिना उतरल्या.

दुसऱ्या संध्याकाळी सातला सवयीने टीव्ही लावला. दुसऱ्या शाखेतली एक मुलगी बसली होती, निळा कोट तिच्या खांद्यांवरून ओघळत होता. मुलगी बरी वाचत होती; घाई करत होती एवढंच. बाई मनातल्या मनात तिच्या थांबायच्या जागा दुरुस्त करत बसल्या. त्यांनी वाचलेल्या बातम्या आता कुणाला नको होत्या आणि न वाचलेल्या बातम्यांचं काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं.

सात वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला.

"कुठे आहेस तू?" दादा. 'हॅलो' नाही, काही नाही.

"घरी."

"आज दिसली नाहीस. बरं नाही का?"

"बरी आहे. काढलं मला."

पलीकडे टीव्ही चालू होता, आवाजासकट. इकडे मुलगी एक शब्द बोलायची आणि तोच शब्द क्षणभराने फोनमधून यायचा.

"ही पण चारलाच वाचून गेली असेल?" त्याने विचारलं.

"हो. आत्ता बसमध्ये असेल, नाहीतर घरी."

"आणि तू सातला घरी असायचीस."

"दीड वर्ष. त्या दिवशीही होते."

आता तो फोन ठेवणार, असं बाईंना वाटलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"आई काही बोलली?"

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"पाणी मागितलं. अर्धा पेला प्यायली. मग म्हणाली, तो टीव्ही जरा बारीक कर. पण तिने माझा हात धरला होता रे, मला उठताच येईना."

फोनमधून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग टीव्ही बंद झाला.

"तू कितीला आलीस घरी?"

"साडेपाच."

"मग तिथपासून सांग," दादा म्हणाला. "मी बसलोय."