गंगम्मा मावशींचा डावा हात

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. आमचं भरतं, पण कंबर मोडते. लातूरच्या माझ्या दवाखान्यात त्या दिवशी सकाळपासून वाकून वाकून मानेचं लाकूड झालं होतं. घरी जायचं म्हणून उठणार, तोच निलंग्याच्या गंगम्मा मावशी खुर्चीत येऊन बसल्या. तोंड उघडायच्या आधीच बजावलं, “धम्मप्रिया मॅडम, आज झालं तर झालं, न्हाईतर दाढ उपटून टाका. सारखं लातूरला यायला जमत न्हाई मला.”

उपटा म्हणे! त्या बाजूला चावायला तेवढी एकच दाढ उरली होती. तिचं एक मूळ टोकाशी विळ्यासारखं वाकलेलं. त्यात आधी कुणीतरी रूट कॅनाल करताना फाइल, म्हणजे मूळ आतून घासायची खरबरीत सुई, सरळच रेटून वळणावर खाच पाडून ठेवलेली. निस्तरायचं मी.

“दुखलं की डावा हात वर करा,” मी नेहमीचं सांगितलं. बारीक फाइल वळणाइतकी वाकवून अल्ट्रासॉनिक मशीनला लावली आणि पेडलवर पाय ठेवला. ही फाइल थरथरत, पाणी उडवत मुळातली वाट घासत जाते. आपण नुसतं हलकं धरायचं. रेटलं तर वळण चुकतं, मुळाची भिंत फुटते आणि दाढ हातची जाते. मला हे तोंडपाठ आहे, पण दमलेल्या हाताला नव्हतं. मावशींचा हात खालीच आहे, म्हणजे सगळं ठीक, असं धरून मी दाबत राहिले.

मग त्यांच्या डोळ्यातलं पाणी कानाकडे ओघळताना दिसलं. मी घाबरून फाइल बाहेर काढली, एक्स-रे घेतला. भिंत शाबूत होती. थोडक्यात वाचलो.

“मावशी, हात का नाही वर केला?” मी चक्क ओरडले.

त्यांनी अंगावरचं कापड बाजूला केलं. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर होतं. भीती वाटली म्हणून नाव घेत बसल्या होत्या. “लिंग हातात असताना हात कसा हलवू, माय?”

शेजारच्या लिंगायत घरातली पूजा बघतच मी लहानाची मोठी झाले. डाव्या तळहातावर लिंग आणि नजर तिथंच. तरी डोक्यात आलं नाही. मला माझीच चीड आली.

पुन्हा भूल दिली. “आता उजवा हात माझ्या कोपरापाशी ठेवा. दुखलं की दाबा.”

फाइल वळणाशी पोचली. मावशींनी दाबलं नाही, हलकेच थोपटलं. मी फाइल बाहेर घेतली.

“दुखलं?”

“न्हाई. हे मशीन थरथरायलंय का तुम्ही?”

“मशीन,” मी म्हटलं आणि पेडलवरचा पाय काढला. मशीन गप्प झालं. त्यांच्या बोटांखाली माझा हात तसाच थरथरत होता.

मग बधिर ओठांनी त्याच म्हणाल्या, “झाका ती दाढ, अन् घरी जाऊन पडा. उद्या सकाळच्या गाडीनं येते मी.”